ठाणे खाडीतल्या मासेमारीवरचा माझा इंग्रजी शोधनिबंध मराठीत आणायचा आहे. प्रकाशकाची परवानगी लागेल का?

कॉपीराइट कोणाकडे आहे ते आधी पाहा. तुमच्याकडेच असेल आणि प्रकाशकाला एकाधिकार लिहून दिलेला नसेल, तर प्रश्नच नाही. लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन कोणीही वापरावा अशा) खुल्या परवान्याखाली असेल, तरीही वेगळी परवानगी नको. मूळ लेखाचा उल्लेख, परवान्याचा दुवा आणि हे भाषांतर असल्याची नोंद पुरते. हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील आणि खुला परवाना नसेल किंवा परवान्यात ‘एनडी’ (म्हणजे भाषांतरासारखे बदल करून प्रसिद्ध करायला मनाई) असेल, तर मात्र स्वतःच्या लेखासाठीही लेखी परवानगी मागा.

पण अख्खा निबंध उतरवत बसू नका, असं मी आग्रहाने सांगेन. संदर्भसाहित्याचा आढावा कोळीवाड्यात कोण वाचणार? काय आढळलं, कुठे, कोणत्या महिन्यांत, एवढं दोन-तीन पानांत लिहा. शास्त्रीय नावांशेजारी निवटी, बोईट अशी रोजची नावं हवीतच. खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. त्या पाण्यावर पोट असलेल्यांना त्याबद्दलचं संशोधन आपल्या भाषेत मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

मसुदा छापण्याआधी दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या मच्छीमाराला वाचून दाखवा. ते अडतील तिथलं वाक्य बदला. नंतर मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेकडेही विचारून पाहा.