तिसरं कडवं राहिलंय

बेटा,

फुटाळा तलावाच्या काठावर केलेलं तुझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग मी चारदा ऐकलं. ए मायनर, जी, एफ, ई या कॉर्ड्समधून पायरीपायरीने खाली उतरणारा बेस तू धरलास. युरोपातले संगीतकार १७व्या शतकात विलापगीतांसाठी हाच उतार वापरत. तुला तो कुणी शिकवला नव्हता, कानानेच सापडला, याचा मला फार आनंद झाला. गिटारचं खरखरीत डिस्टॉर्शन मात्र कोरसपर्यंत थांबव. पहिल्या कडव्यात आवाज उघडा राहू दे, श्वास ऐकू येऊ दे.

आता शब्द. पहिल्या कडव्यात बाबांचं बंद पडलेलं दुकान, दुसऱ्यात ग्लास, मग कोरसमध्ये सगळं विसरून जाणं. आणि तिथेच गाणं संपतं. सकाळ त्यात आलीच नाही. दारू मेंदूला मंदावते, म्हणून सुरुवातीला जीव हलका वाटतो. उतरायला लागली की तोच मेंदू खवळतो. पहाटे झोप मोडते, छाती धडधडते, आणि जे विसरायला प्यायलो ते उशाशी येऊन बसलेलं असतं. ते कडवं लिही. आशेची ओळ ओढूनताणून घालू नको.

प्यायल्याशिवाय सुचत नाही, असं तू लिहिलंस. काहून वाटतं तुला असं? दुकानाच्या शटरची ती ओळ तू मेच्या भर दुपारी माझ्याकडे बसून लिहिलीस, हातात मठ्ठ्याचा ग्लास होता. अख्ख्या गाण्यात तिच्या तोडीची दुसरी ओळ नाही.

आमच्या बँडचा बेसवाला रोज प्यायचा. एक दिवस कुणाला न सांगता त्याने एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. रोजची सवय जडलेल्या शरीराला असं होऊ शकतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. म्हणून गाणं बाजूला ठेवून विचारतो: तुला रोज लागते का? सकाळी हात थरथरतात का? हो असेल तर आपल्या मनाने बंद करू नको, आधी डॉक्टरकडे जाऊ. मी येतो सोबत. रात्री फारच अंधारून आलं तर १४४१६ लाव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मलाही उठव, कितीही वाजले असले तरी.

रविवारी सकाळी ये. तर्री-पोहे खाऊ आणि कडव्याला बसू. तुझी गिटार आण, माझ्या गिटारची तार तुटली आहे.