विहिरीवरच्या पंपाचा रिले आणि वारंवार जळणारा ट्रान्झिस्टर

दारव्ह्याजवळच्या तुमच्या वावरात बीसी ५४७ ट्रान्झिस्टर १२ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) ओढतो आणि रिले पंपाचा स्टार्टर चालवतो. मात्र काही दिवसांनी ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि रिले ओढलेलाच राहतो, असे तुम्ही लिहिले आहे. हा बिघाड हलका समजू नका, कारण विहिरीचे पाणी खाली गेले तरी मोटर कोरडी चालत राहील.

मोठा ट्रान्झिस्टर लावण्याची गरज नाही. रिलेच्या ४०० ओहमच्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) १२ व्होल्टवर ३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. तो मरतो रिले सोडताना. कॉइलमधला प्रवाह एका क्षणात थांबत नाही. ट्रान्झिस्टरने वाट बंद केली की कॉइलमधली ऊर्जा कलेक्टरवरचे (ट्रान्झिस्टरच्या कॉइलला जोडलेल्या पायावरचे) व्होल्टेज शेकडो व्होल्टपर्यंत चढवू शकते, आणि हा ट्रान्झिस्टर ४५ व्होल्टपुरताच बनवलेला आहे. तुमच्या सर्किटच्या आकृतीत त्या प्रवाहाला फिरायला दुसरी वाटच नाही.

ती वाट १एन४००७ डायोडने (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाने) द्या. त्याचे पट्टीचे टोक कॉइलच्या धन बाजूला आणि दुसरे कलेक्टरच्या बाजूला, अगदी रिलेच्या पायांपाशी जोडा. दिशा उलटी झाली तर ट्रान्झिस्टर चालू होताच डायोडमधून पुरवठा शॉर्ट होतो, म्हणून डाग देण्यापूर्वी मीटरने खात्री करा. डायोडमुळे रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो. पंपाच्या कामात त्याने बिघडत नाही.

बेसला (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या पायाला) कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनवरून १ किलोओहमचा रोध पुरतो. बेस आणि एमिटर (ट्रान्झिस्टरचा तिसरा पाय) यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधही अवश्य लावा, कारण लाइन गेल्यानंतर परत येते तेव्हा कंट्रोलर सुरू होईपर्यंत पिन अधांतरी असते आणि रिले उगाच ओढला जाऊ शकतो.

स्टार्टरची कॉइल एसीवर चालते, तिथे डायोड कदापि लावू नका. त्या व्होल्टेजसाठी बनवलेला आरसी सप्रेसर (रोध आणि कपॅसिटरची जोडी) लावा. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर छोट्या रिलेचे २५० व्होल्टचे संपर्क तिला थेट जोडणे चूक आहे. मध्ये २४० व्होल्ट कॉइलचा आणि ४१५ व्होल्टला चालणाऱ्या संपर्कांचा कॉन्टॅक्टर (मोठ्या कामाचा रिले) घ्या, आणि हे काम मेन स्विच पाडून, तिन्ही फेजमध्ये वीज नाही हे तपासूनच करा.