‘नको’ म्हटलं आणि चहा राहिला

प्रश्न : ताई, माझं माहेर गडहिंग्लजचं, सासर पुण्यातलं. लग्नाला चौदा महिने झाले. सासूबाई रोज विचारतात, ‘चहा घेणार आहेस का?’ घरच्या माणसाला कुणी असं विचारतं का? मी ‘नको’ म्हणते आणि त्या खरंच टाकत नाहीत. गेल्या महिन्यात भाऊ आला. त्यालाही तसंच विचारलं. तो ‘नको’ म्हणाला आणि बिनचहाचा परत गेला. मी आईला सांगितलं, ती फोनवर रडली. शिवाय मी ‘आलो’, ‘जातो’ म्हणते, त्यावर पाहुण्यांसमोर हसतात. नवरा म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस. माझं चुकतंय का?

उत्तर : एवढ्या लांबून आलेला भाऊ चहाशिवाय परत गेला, हे तुला का लागलं ते मला समजतं. तुमच्याकडे पाहुण्याला चहा विचारत नाहीत, टाकतात. विचारला, म्हणजे टाकायचं मनात नाही. आणि पाहुण्यानं आधी ‘नको, आत्ताच झालाय’ म्हणायचं, मग घरच्यांनी ‘असं कसं, घ्या की घोटभर’ म्हणायचं. ते पहिलं ‘नको’ नकार नसतोच.

तुझ्या सासूबाईंच्या घरात मात्र ‘नको’ म्हणजे नकोच असावं. कुणाला पित्ताचा त्रास, कुणाला बिनसाखरेचा लागतो, म्हणून आधी विचारायचं. नाही म्हटल्यावर पुन्हा आग्रह करणं म्हणजे त्या माणसाचा शब्द न मानणं. (आग्रह करकरून ताट भरणारी पुणेरी घरं मी पाहिली आहेत. तेव्हा हे खापर शहरावर फोडू नकोस.) हे मी कशावरून म्हणते? तुझ्याच पत्रावरून. त्या रोज विचारतात, असं तू लिहितेस. चौदा महिने ‘नको’ ऐकूनही उद्या पुन्हा विचारणारी बाई टाळत नसते गं. उलट, सुनेला आपल्या हातचा चहा चालत नाही की काय, असं त्यांच्या मनात येत असेल.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक प्रयोग केला होता. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सगळं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. आज रात्री नवऱ्यासमोर एखाद्या आरतीचा ठेका वाजवून बघ. तुझ्या ‘नको’मागे ‘आणखी एकदा म्हणा ना’ हे तुला स्पष्ट ऐकू येतं. सासूबाईंपर्यंत नुसतं ‘नको’ पोहोचतं. त्यांच्या ‘घेणार आहेस का?’मागची काळजीही तुझ्यापर्यंत पोहोचत नाही, ते याच कारणानं.

म्हणून उद्या विचारलं की ‘हो’ म्हण. चहा पिता पिता सांग, ‘आई, आमच्याकडे पहिलं नको म्हणायची पद्धत आहे. भाऊसुद्धा त्या दिवशी तसाच म्हणाला. पुढच्या वेळी तो आला की विचारू नका, सरळ टाका.’ तक्रारीच्या सुरात नको, जसं माहेरचं काहीही सांगशील तसं.

तुझ्या बोलण्यावर हसतात ती गोष्ट मात्र मी गैरसमजात धरणार नाही. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. ती तिथली बोली आहे, तुझं व्याकरण कच्चं नाही. पाहुण्यांसमोर त्यावर हसणं हा अपमानच, हसणाऱ्याच्या मनात काहीही असो. इथे नवऱ्यानं बोलायला हवं, कारण माणसं त्याची आहेत. ‘मनाला लावून घेतेस’ हे उत्तर त्याला स्वस्तात पडतं. त्याला एकांतात सांग, ‘पुढच्या वेळी हसले की तू तिथल्या तिथे थांबव. मी थांबवलं तर मी उद्धट ठरेन.’ हे त्याला जड गेलं, तरी माघार घेऊ नकोस. बोली बदलण्याचा विचारही मनात आणू नकोस.

आता शेवटचं, आणि यात थोडं तुझंही चुकलंय. आईला तू फोनवर काय सांगितलंस? ‘दादाला साधा चहासुद्धा दिला नाही’ असंच ना? ‘विचारलं होतं, तो नको म्हणाला’ हा अर्धा भाग बहुधा गाळलास. रागात आपण सगळेच गाळतो. पण ती माउली तिकडे लेकीच्या घरी भावाला पाणी विचारणारंही कुणी नाही, असं धरून बसली असेल. सासूबाईंशी बोलायला चार दिवस लागले तरी चालतील. आईला आज फोन कर आणि तो राहिलेला अर्धा भाग सांग.