सी मध्ये फंक्शनमधून बाहेर पडताना फाइल आपोआप बंद करता येते का?

तुमचं म्हणणं असं की फंक्शनमध्ये पाच ठिकाणी रिटर्न आहे, एखाद्या ठिकाणी क्लोज लिहायचं राहून जातं, आणि गो भाषेतल्या डिफरसारखं (फंक्शन संपताना ठरवून दिलेलं काम आपोआप करणारं) सी मध्ये काही नाही का?

आहे की! सी भाषेच्या सी 23 या प्रमाण आवृत्तीत नाही, पण जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूट आहे. व्हेरिएबल जाहीर करतानाच त्याला एक फंक्शन जोडून द्यायचं. ब्लॉक संपला, मधूनच रिटर्न झालं किंवा गोटूने बाहेर उडी मारली, तरी ते फंक्शन चालतं. लिनक्स कर्नलनेही 2023 मध्ये, 6.5 आवृत्तीत, याच सोयीवर बेतलेले मॅक्रो घेतले.

मी याकडे वळलो ते ठेच लागल्यावर. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांची मोजणी करणारा आमचा एक छोटा लिनक्स बॉक्स होता. माग बंद असला की रीड फसायचं आणि माझा कोड सिरियल पोर्ट बंद न करताच परत फिरायचा. मिनिटाला एक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा किंवा पोर्टचा क्रमांक) गळत होता आणि मर्यादा 1024 ची. म्हणजे सतरा तास. संध्याकाळी सातला सुरू केलेला बॉक्स दुसऱ्या दिवशी बरोबर जेवणाच्या वेळी मान टाकायचा, आणि मी आठवडाभर केबलच बदलत बसलो!

आता सांभाळायचं काय, ते ऐका. क्लीनअप फंक्शनला व्हेरिएबलची किंमत नाही, त्याचा पत्ता मिळतो. डिस्क्रिप्टर जाहीर करतानाच उणे एक (म्हणजे काहीच उघडलेलं नाही) ठेवा, नाहीतर ओपन होण्याआधीच रिटर्न झालं तर कचरा आकडा क्लोजला जाईल आणि भलतीच फाइल बंद होईल. दुसरं, उघडलेला डिस्क्रिप्टर कॉल करणाऱ्याला परत द्यायचा असेल तर तो दुसऱ्या साध्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मूळ जागी उणे एक लिहा, मग रिटर्न करा. हे विसरलात तर समोरच्याच्या हाती बंद झालेला डिस्क्रिप्टर पडतो. गळतीपेक्षा हा बग शोधायला जास्त छळतो.

एक्झिटने (अख्खा प्रोग्रॅम संपवून) किंवा लाँगजंपने (थेट आधीच्या फंक्शनात उडी मारून) बाहेर पडलात तर यातलं काहीच चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर तर हे अ‍ॅट्रिब्यूटच नाही.

आणि गो मधून येताय म्हणून सांगतो, तिथलं डिफर पूर्ण फंक्शन संपेपर्यंत थांबतं. इथे ब्लॉकचा कंस संपला की काम होतं, त्यामुळे लूपमध्ये उघडलेली फाइल त्याच फेरीत बंद होते.