विठ्ठलाचे जलरंग चित्र: पैसे देण्याआधी काय तपासायचे आणि घरात कुठे लावायचे

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: विठ्ठलाचे 15 x 22 इंची जलरंग चित्र, विक्रेता 22 हजार सांगतोय, हाताशी मोबाइलवर आलेले दोन फोटो, आणि घेतलेच तर ते देवघरात लावायचा विचार. त्या दोन फोटोंच्या भरवशावर पैसे पाठवू नका, आणि देवघराचा बेत सोडा. कारणे खाली देतो.

बाजारात अस्सल चित्र आणि निव्वळ प्रिंट यांच्याशिवाय तिसराही माल असतो: चांगल्या जाड कागदावर काढलेली प्रिंट आणि तिच्यावर ब्रशचे चार-सहा खरे फटकारे. फसगत होते ती इथेच, कारण हात लावला तर खरा रंग बोटांना जाणवतो आणि सहीसुद्धा पेन्सिलीची असते.

विठ्ठलाच्या चित्रात तपासायची पहिली जागा म्हणजे त्याचा काळा रंग. दहापट मोठे दाखवणारे सराफाचे भिंग घ्या आणि छातीचा किंवा गालाचा भाग बघा. बरेच चित्रकार ट्यूबमधला तयार काळा टाळतात आणि अल्ट्रामरिन निळा व बर्न्ट सिएना मिसळून काळा करतात. अल्ट्रामरिनचे कण जड, ते कागदाच्या खळग्यांत बसतात. त्यामुळे खळग्यात निळसर आणि उंचवट्यावर तपकिरी अशी झाक दिसते. प्रिंटमध्ये खळगा काय नि उंचवटा काय, सगळीकडे निळे, किरमिजी, पिवळे, काळे बारीक ठिपके सारखेच पसरलेले असतात. जिथे फटकारे मारायला कोणी जात नाही, म्हणजे मागची फिकट भिंत, विटेची कड, तिथे हे ठिपके हमखास सापडतात.

मग गंध बघा. काळ्यावरचा पांढरा बहुधा दोन तऱ्हांनी येतो: कागद मोकळा सोडून, नाहीतर वरून गॉश (अपारदर्शक जलरंग) लावून. टॉर्च बाजूने तिरपी धरली की गॉशचा थर किंचित उठून दिसतो. गॉश वापरला म्हणून चित्र कमअस्सल ठरत नाही, पण ‘शुद्ध पारदर्शक जलरंग’ म्हणून जास्त दाम लावला असेल तर विचारायचा हक्क तुमचा. ओला कापूस फिरवून बघा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काही प्रिंटची शाईही पाण्याने सुटते, म्हणजे सिद्ध काहीच होत नाही आणि चित्राला डाग पडतो.

हल्ली संगणकाने बनवलेली चित्रेही छापून येतात. कमरेवरच्या हातांची बोटे मोजा, मकरकुंडले दोन्ही कानांत सारखी आहेत का बघा, तुळशीची माळ मध्येच उपरण्यात विरघळत नाही ना तेही बघा. विक्रेत्याकडे पेन्सिल रेखाटनाच्या टप्प्याचा फोटो, मागच्या बाजूचा फोटो आणि तिरप्या उजेडातला छोटा व्हिडिओ मागा. कागद कोणता तेही विचारा: 100 टक्के कॉटन, 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) असेल तर उत्तम. लाकडाच्या लगद्याचा साधा कागद पिवळा पडतो.

रंगांत गुलाबीला जपा. शेला भडक गुलाबी असेल तर तो ऑपेरा रोज असू शकतो, आणि त्याची झळाळी उजेडात लवकर उतरते. जुन्या पद्धतीचे अलिझरिन क्रिमझनही (ट्यूबवरचा रंगद्रव्य क्रमांक पीआर 83) तसेच. क्विनॅक्रिडोनचा गुलाबी (पीव्ही 19) टिकतो. चित्रकाराला हे क्रमांक विचारायला संकोच कसला?

किमतीचे म्हणाल तर 330 चौरस इंचांना 22 हजार, म्हणजे चौरस इंचाला साधारण 67 रुपये. त्याच चित्रकाराची आधी विकली गेलेली दोन-तीन चित्रे याच हिशोबात बसवा, दुसऱ्या कोणाशी तुलना नको. पावतीवर ‘मूळ चित्र, कागदावर जलरंग’, माप, वर्ष आणि चित्रकाराचे नाव हवेच. आणि तयार चित्र विकत घेतले म्हणून ते पत्रिकेवर किंवा आषाढीच्या शुभेच्छापत्रावर छापता येत नाही. लेखी करार नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराकडेच राहतो. सांगून, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचे मात्र उलट: वेगळे ठरले नसेल तर हक्क काढवून घेणाऱ्याचा.

आता देवघर. समईची काजळी, उदबत्तीचा धूर, अभिषेकाचे पाणी, हळदकुंकू यांतले काहीही कागदाला सोसत नाही. दर्शनी खोलीतल्या आतल्या भिंतीवर लावा. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत दोन्ही टाळा. कोकणात, मुंबईत ओल धरली की आधी बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, मागोमाग कसर.

फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: आम्लविरहित माऊंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच चित्राला टेकता कामा नये, सेलोटेप किंवा फेव्हिकॉल अजिबात नाही. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगायचे, म्हणजे पावसाळ्यात कागद मोकळेपणी फुगेल. चारही बाजू चिकटवल्या की तो पन्हळतो. पाठीला थेट एमडीएफ नको, मध्ये आम्लविरहित पुठ्ठा घाला. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. काच पुसताना पाणी फडक्यावर मारा. काचेवर फवारलेले पाणी खाली ओघळून फ्रेमच्या खाचेत शिरते आणि माऊंटची खालची कड तिथूनच कुजायला लागते.