अकरावी सायन्सला इंजिनिअरिंगसाठी बायोलॉजी सोडली तर चालेल का?

चालेल. इंजिनिअरिंगला लागतात फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स. "मेडिकलचं दारही उघडं राहू दे" म्हणून घरचे बायोलॉजी घ्यायला लावतात, पण डॉक्टर व्हायचंच नसेल तर ते ओझं कशाला? त्याऐवजी कॉलेजात बायफोकलचं (म्हणजे सायन्ससोबत घेता येणारा व्यावसायिक विषय) कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर घ्या. २०० मार्कांचा विषय आहे, शिवाय प्रॅक्टिकल मार्कांमुळे बोर्डाची टक्केवारी सावरते.

खरा जोर मॅथ्सवर द्या. एमएचटी-सीईटी या महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपमध्ये २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे असतात. ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून उरलेले १००. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत मात्र तिन्ही विषय सारखेच आणि चुकलं की मार्क कापतात.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, असं सिनियर सांगतील. ऐकू नका! सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि जेईईत तर अकरावीचा बराच भाग येतो.

दहावीला मॅथ्स जेमतेम सुटलं असेल आणि हाताने काम करायला आवडत असेल, तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमाही बघा. तीन वर्षांनी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अर्थात, मॅथ्स तिथेही पाठ सोडत नाही.