वाचकांचे प्रश्न : हेंड्रिक्सची आठवण, अर्धा सूर खाली

प्रश्न : १८ सप्टेंबरला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या स्मृतिदिनी आम्ही त्याची गाणी वाजवणार आहोत. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार) अर्धा सूर खाली लावली की तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरतात. फझचा, म्हणजे सूर मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलचा, आवाजही चिरका येतो. काय चुकतंय?

उत्तर : तारांचा ताण कमी झाला की मागच्या स्प्रिंगा वरचढ ठरतात, ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) बॉडीवर बसतो आणि तारा खाली येतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन्ही स्क्रू पाव फेरा सैल करा, सहाही तारा पुन्हा लावा आणि ब्रिज बघा. त्याची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिलिमीटर वर येईपर्यंत हेच करत राहा. घाई नको. नऊच्या तारा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच) असतील तर थोड्या जाड, दहाच्या घाला, तेवढ्यानंही बराच फरक पडेल.

तुमचा फझ पेडल ‘फझ फेस’ असेल तर तो गिटारला थेट जोडा. मध्ये बफर (सिग्नल जोरकस ठेवणारं सर्किट) असलेला पेडल आला की आवाज चिरका होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला तरी तो स्वच्छ होत नाही. हेंड्रिक्सचा अर्धा जीव त्या व्हॉल्यूमच्या खटपटीत होता, ती जरूर शिका.

आणि हेंड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’ या गाण्याचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग नेहमीच्याच सुरात आहे. त्याच्यासोबत सराव करताना गिटार खाली लावू नका.